मुसळ पडेपर्यंत थांबायचं

सुंदराने नवऱ्यावर कधी संशय घेतला नाही. तिचा संशय होता तो नवऱ्याच्या ड्रमवर. रेडिओवर गाणं लागलं की कुंडलिक हातातला चहा खाली ठेवून ओरडायचा, "ऐक गो, ऐक! हे मी वाजवलंय!" आणि सुंदरा भाकरी थापता थापता म्हणायची, "कशावरनं? मला सगळी सारखीच लागतात. उद्या म्हणाल, गाडीचा भोंगा पन मीच वाजवला." शेजारची सावळी ओटीवर बसलेली असली तर तिचीही हसून पुरेवाट व्हायची. कुंडलिकही हसायचा, पण आत कुठेतरी त्याला लागायचं. या बाईने एकदा, फक्त एकदाच, न सांगता आपल्याला ओळखावं, एवढी एकच हौस त्याची राहून गेली होती. मुलं कमावती झाली, डोक्यावरचे केस गेले, हौस तिथेच.

आता खरं सांगायचं तर सुंदराची काही चूक नव्हती. कुंडलिक आसनगावजवळचा. शहापूरच्या लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात साइड ड्रम अडकवून वराती वाजवणारा. एकदा मुंबईच्या स्टुडिओतला वादक आजारी पडला, बँडमास्तरने याला पाठवलं, आणि गडी तिथेच चिकटला तो चिकटला. बोलावतील तेव्हा जायचं, सांगतील ते वाजवायचं, गाणं दुसऱ्याच्या नावावर ठेवून घरी यायचं, असं ते काम. भक्तिगीतं वाजवली, बडबडगीतं वाजवली, साबणाच्या जाहिराती वाजवल्या, सिनेमातल्या मारामाऱ्यासुद्धा वाजवल्या. कानात ताल मोजणाऱ्या क्लिकची टिकटिक लावली की गायक डुगडुगेल, कुंडलिक डुगडुगणार नाही, म्हणून स्टुडिओत त्याचं नावच पडलं होतं 'घड्याळ'. त्याला त्या नावाचा केवढा अभिमान! पण घड्याळाला आवाजावरून ओळखतं कोण? घरात चार घड्याळं असली तरी सगळी टिकटिकच करतात.

पुढे ड्रमही संगणकच वाजवू लागला आणि बोलावणी आटली. अशात एक दिवस कल्याणच्या नेहाचा फोन आला. ही पोरगी ऑर्गन वाजवते. तिला सोल-जॅझचा आल्बम करायचा होता. गावात सगळ्यांनी विचारलं, हे काय नवीन? कुंडलिकने छाती काढून सांगितलं, "जॅझच, पन पाय हलवणारा. देवळातल्या भजनाचा जीव आणि नाचाची चाल, असं काहीतरी." वाजवणारे फक्त चौघे: ऑर्गन, सॅक्सोफोन, गिटार आणि ड्रम. कुंडलिकच्या मनात तेव्हाच लाडू फुटले. एवढ्या कमी गर्दीत सुंदराला आपण ऐकू येणारच! आता जाते कुठे?

पहिल्याच दिवशी त्याचं विमान जमिनीवर आलं. नेहाने टिकटिक बंद केली. कुंडलिकने तरीही घड्याळच वाजवलं. तीन-चारदा झाल्यावर नेहा त्याच्याजवळ येऊन बसली. "काका, एकदम बरोबर वाजवताय. पण सूर खाली बसायच्या आधीच तुमचा ठोका हजर असतो. सोमवारी परत बसू या. नाहीच जमलं तर मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल. रागावू नका हं."

रागावू नका म्हणे! कुंडलिकचं डोकं भणभणत होतं. बरोबर वाजवतोय तर चुकतंय काय? जन्मभर ज्यासाठी शाबासकी मिळाली, तेच आता नको? आणि सगळ्या गावाला सांगून बसलोय, त्याचं काय?

रविवारी मुरबाडला धाकट्या भावाकडे पुतणीच्या, भूमिकाच्या, लग्नाचं काम होतं. सकाळीच घाणा भरायचा होता. दोन मुसळं एकत्र बांधली, त्यांना आंब्याची पानं लावली, उखळात हळकुंडं टाकली. सुंदरा आणि चार सवाष्णींनी मुसळं धरली आणि कुंडलिकच्या ठमीआत्याने गाणं धरलं. हात स्वस्थ बसेनात म्हणून कुंडलिकने शेजारचं रिकामं घमेलं पालथं घातलं आणि लागला ठेका धरायला. झालं! त्याच्या ठेक्याबरोबर मुसळं धावायला लागली, आत्याचं गाणं मागे पडलं, हळकुंडं उखळाबाहेर उडाली आणि बायका हसून हसून बेजार.

ठमीआत्या मात्र कडाडली. "अरे मेल्या कुंडल्या, कुणाची गाडी सुटते रे तुझी? घाण्याला असं पळायचं नाय. मी ओळ म्हनायची, ती या पोरींच्या हातात उतरायची, मग मुसळ पडायचं. तू त्याच्या आधी कशाला तडमडतोस? मुसळ पडेपर्यंत थांब!"

पुन्हा सुरू झालं. आत्याने ओळ सोडली. मुसळं वर गेली आणि वर किंचित रेंगाळली. कुंडलिकचा हात सवयीने निघाला होता, तो त्याने हवेतच आवरला. मुसळ पडलं, धप्प! आणि त्याच्या पाठोपाठ कुंडलिकचा ठोका घमेल्यावर आला. अरेच्चा! त्या रेंगाळण्यात केवढी मजा होती! भूमिका मुंडावळ्यांची वाट न बघता तिथेच नाचायला लागली. सुंदरा मुसळ धरूनच म्हणाली, "आता कसं ब्येस वाजवलंत!" कुंडलिकला इतका आनंद झाला की दुपारच्या जेवणात त्याने काय खाल्लं तेही त्याला कळलं नाही.

सोमवारी त्याने स्टुडिओत डोळे मिटले. सॅक्सोफोनची ओळ म्हणजे आत्या, ऑर्गन म्हणजे त्या पाच जणींचे हात. ओळ उतरू दिली, थांबला, आणि मगच मारलं. गाणं संपलं. ऑर्गनवर दोन्ही हात आपटून नेहाने आनंदाने किंकाळीच मारली.

आल्बम आला तेव्हा भात झोडून झालं होतं. कुंडलिकने फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि कोनाड्यात ठेवला. या खेपेला एक अक्षर बोलायचं नाही, असं त्याने ठरवलंच होतं. सुंदरा ओटीवर तांदूळ पाखडत होती. सॅक्सोफोन सुरू झाला, ऑर्गन आला. कुंडलिक दाराआड उभा राहून धोतराचा सोगा चुरगळत होता. मग ड्रम आले. सूप दोनदा हललं आणि थांबलं.

"अवो," सुंदरा म्हणाली, "हे तुमी ना?"

कुंडलिकने दाराआडून डोकं काढलं. म्हणाला, "कशावरनं?"

"कशावरनं काय? आमचं मुसळ वर असताना थांबला होता तसेच थांबलाय की!" सूप खाली टाकून ती उठली, अंगणात गेली आणि कुंपणापलीकडे तोंड करून गाव गोळा होईल अशा आवाजात ओरडली, "गो सावळे, हातातलं ठेव आनि इकडं ये! आमच्या यांनी वाजवलंय, ऐक!"