राहीनं लिहिलेलं नाव

नवऱ्याचं नाव तोंडातून निघालं की त्याचं आयुष्य तुटतं, हे राहीला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. लग्न होऊन ती मुरबाडहून म्हशाला जाणाऱ्या वाटेवरच्या या गावात आली, तेव्हा सगळ्याच बाया नवऱ्याला ‘आमच्या घरातले’ नाहीतर ‘पोरांचा बापूस’ म्हणत होत्या, तशी तीही म्हणू लागली. शेजारच्या ठमीच्या नवऱ्याचं नाव दगडू. ठमी त्यापायी दगडालाही दगड म्हणायची नाही, धोंडा म्हणायची. यात कुणाला हसायला येत नसे, कारण प्रत्येकीच्या घरी असं काहीतरी असायचंच.

राहीची सासू बारकी ही गावची सुईण. अडल्यानडल्या बाईसाठी भर पावसात ओढा ओलांडून जाणारी, हाताला यश असलेली बाई. राही तिच्याच हाताखाली शिकली. पुढं राहीला स्वतःला मुलगी झाली तेव्हा सासूनंच नाळ कापली, भात कापायच्या विळ्यानं, जशी ती सगळ्यांची कापायची. आठवड्याभरात पोर ताठरली, दूध ओढेना, आणि गेली. सटवीनं नेली, असं सासू म्हणाली. राहीनं ते मानलं. न मानून करणार काय?

दोनेक वर्षांनी देवी टोचायला सरकारी माणसं आली, त्यांच्यात एक नर्सबाई होती. तिनं राहीला सगळं विचारून घेतलं आणि सरळ सांगितलं, सटवी नव्हे, विळा. शेतातल्या मातीचा विळा नाळेला लागला की मूल असंच ताठरून जातं. हत्यार उकळून घेतलं असतं तर पोर जगली असती. राही त्या दिवशी जेवली नाही. सासूला मात्र ती काही बोलली नाही, नवऱ्याला तेवढं सांगितलं. म्हातारीनं जाणूनबुजून थोडंच केलं होतं? पण त्यानंतर गावात कुणाचंही मूल ताठरलं की राहीला आपली पोर आठवायची, आणि वर्षाकाठी एखादं तरी ताठरायचंच.

नर्सबाईनं जाता जाता आणखी एक सांगितलं होतं. शहापूरला दवाखान्यात सुईणींना सहा महिने शिकवतात, राहायची सोयही करतात. फक्त बाईला लिहितावाचता यायला हवं, आणि तसा दाखला हवा. दाखला नाही तर दारातूनच परत. राहीनं ते डोक्यात धरून ठेवलं. धरून ठेवण्यापलीकडं काही करण्यासारखं नव्हतं, कारण गावात बाईमाणसाला अक्षर शिकवणार कोण?

ती सोय सरकारनंच केली. अडतीस-एकोणचाळीसच्या सुमारास मोठ्या माणसांना साक्षर करायची टूम निघाली आणि भाताची झोडणी उरकल्यावर गावात बायांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला मास्तरांची बायको सरस्वती. दुपारी भांडीकुंडी आटपली की मारुतीच्या देवळात बाया पाट्या घेऊन बसायच्या. निम्म्या जणी गंमत बघायला आलेल्या, दोघीतिघी तर सुपारी कातरायला. पण राही रोज यायची आणि ओल्या फडक्यानं पाटी पुसून पुसून तेच अक्षर परत काढायची. माघ सरेस्तोवर ती वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकू लागली.

घोडं अडलं ते नावापाशी. परीक्षेत स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं होतं, आणि पूर्ण नावात मधोमध नवरा येऊन बसतो.

"बोलायचं नाहीये, नुसतं लिहायचंय," सरस्वती म्हणाली. "लिहिताना आवाज होतो का?"

"ते तर आणखी वंगाळ," ठमी म्हणाली. "बोललेलं वाऱ्यावर तरी जातं. लिवलेलं तितंच बसून रातं."

खरं तर सरस्वतीही मास्तरांना ‘हे’च म्हणायची, मोठ्यानं नाव घे म्हटलं असतं तर तिचीच पंचाईत झाली असती. शेवटी तिनं तोड काढली. दोघीदोघींच्या जोड्या लावल्या आणि एकीनं दुसरीचं नाव लिहायचं ठरवलं. दुसरीच्या नवऱ्याचं नाव लिहायला कुणाचीच हरकत नव्हती. राही झोकात लिहायची ‘ठमी दगडू’, आणि ठमी लिहायची ‘राही कुंडलिक विशे’. महिनाभर हे इतकं सुरळीत चाललं, की यात काही चुकतंय हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही, खुद्द सरस्वतीच्याही.

त्या सालीच राहीचा नवरा कुंडलिक आजारी पडला. म्हशाच्या जत्रेत बैल घेऊन गेला होता, उघड्यावर निजला, आणि आला तो हिवताप घेऊन. ताप एक दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवशी परत हुडहुडी भरायची. पोटात डाव्या अंगाला पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागायला लागली. बारकीनं सगळे उपाय केले, देवाला कोंबडं बोलली. राही सकाळभर त्याच्या उशाशी असायची आणि दुपारी घटकाभर वर्गाला जाऊन यायची.

फाल्गुनात परीक्षा घ्यायला ठाण्याहून तपासनीस आले. बायांनी धडा वाचला, बेरजा केल्या. साहेब खूश दिसले. मग म्हणाले, आता आपापलं नाव लिहा. बायांनी झरझर लिहिलं. साहेबांनी ठमीची पाटी घेतली, वाचलं आणि म्हणाले, "राही, पुढं ये." ठमी जागची हलेना. राही उठली तर तिच्या हातातल्या पाटीवर ठमीचं नाव. साहेबांनी तिसरी पाटी पाहिली, चौथी पाहिली. सगळं देऊळ उलटंपालटं झालेलं.

सरस्वतीनं खाली मान घालून खुलासा केला. साहेब माणूस वाईट नव्हता, हसला सुद्धा. पण म्हणाला, "बाई, दाखला ज्याचा त्याच्या नावावर असतो. मी पाटलांकडे जेवून येतो. तोवर जिला लिहायचंय तिनं लिहून ठेवावं."

साहेब गेले तशा बायाही उठू लागल्या. त्यांचं काही अडलं नव्हतं. वाचायला आलं तेवढं आलं, दाखला काय चुलीत घालायचाय? राहीचं मात्र सगळं त्या दाखल्यावर अडलेलं. ती घरी गेली. कुंडलिक घोंगडी पांघरून पडवीत पडला होता आणि बारकी त्याचे पाय चेपत होती. राहीनं झालं ते सांगितलं.

"लिवलंस तर या घरात पाय ठेवू नको," बारकी म्हणाली. "पोरगा तापानं फणफणलाय, आनि तू त्याचं नाव लिवतंस?"

कुंडलिक पडल्या पडल्या ऐकत होता. "मी दिवसभर राहे राहे करतो," तो म्हणाला. "तुला कधी काय झालं का?"

"अवो, मी बाईमानूस."

"मंग? बाईमानूस मरत नाय?"

राहीला भीती वाटत होती, खरीखुरी. लिहिलं तर आपल्या हातानं आपण याला मारू, आणि नाही लिहिलं तर पुढं ताठरणाऱ्या पोरांना. दोन्हीकडून मरण आपल्याच हातात, असं तिला झालं होतं.

"लिव," कुंडलिक म्हणाला. "ती पोर माझीबी व्हती."

राही देवळात परत आली. तिनं पाटी मांडीवर घेतली आणि तिघांचं, म्हणजे तिचं, त्याचं आणि घराण्याचं, असं नाव लिहिलं. मधल्या नावाला तिनं पेन्सिल एवढी दाबली की ती मोडली. उरलेल्या तुकड्यानं तिनं ते पुरं केलं. तिचं बघून ठमीनंही लिहिलं, डोळे मिटून, त्यामुळे वाकडंतिकडं. तरी साहेबांनी चालवून घेतलं.

कुंडलिक वैशाखात गेला. मध्ये थोडा बरा झाला होता, भाकरी खायला लागला होता, मग ताप उलटला. तालुक्याच्या डॉक्टरनं पानथरी फार वाढल्याचं सांगितलं, पण गावाला डॉक्टरची गरज नव्हती. राहीनं लिहिलं आणि तो गेला, एवढं पुरे होतं. ठमीचा दगडू ठणठणीत हिंडत होता, याचा कुणी हिशेब धरला नाही.

बारकी सुनेशी बोलायची थांबली. राहीलाही रात्ररात्र वाटायचं, की लोक म्हणतात तसंच असेल. असं वाटत असतानाच ती शहापूरला गेली, सहा महिने शिकली आणि पेटी घेऊन परत आली. तिनं हत्यार उकळल्याशिवाय नाळेला हात लावला नाही. हळूहळू चार गावं तिला बोलावू लागली आणि ताठरून जाणारी पोरं थांबली. घरी मात्र सासू भाकरी तिच्यापुढं सरकवायची आणि तोंड फिरवून बसायची. पाच वर्षं हे असंच चाललं.

मग धाकटी नणंद कमळ बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या तशी बारकीनं आपला विळा काढला, घासला, आणि हातात घेऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं तो कोपऱ्यात ठेवला, चुलीवर पाण्याचं भांडं चढवलं आणि राहीला वाट देऊन बाजूला झाली. मुलगा झाला. पहिला आठवडा बारकी त्याच्याजवळून हलली नाही. सारखं त्याची मूठ उघडून बघायची. आठवडा उलटला तरी पोर दूध पीतच होतं.

त्या दुपारी ती राहीसमोर येऊन बसली. "त्याचं नाव मला लिवाया शिकव," ती म्हणाली.

"बाळाचं अजून ठेवलं नाय, आई."

"बाळाचं नाय. कुंडलिकाचं."

राहीनं पाटी आणली. आधी अक्षरं शिकवते म्हणाली, तर म्हातारीला बाकीची अक्षरं नको होती. राहीनं लिहून दिलं ते बारकी रोज दुपारी गिरवायची, चुकली की स्वतःवरच करवादायची. तिची बोटं शेणामातीनं जाड झालेली, पेन्सिल धरवायची नाही. बाळाचं बारसं झालं, कमळ सासरी गेली, तरी म्हातारीचं गिरवणं चालूच होतं. एक दिवस राहीनं काही न दाखवता म्हातारीनं नाव पुरं लिहिलं, आणि पाटी सुनेपुढं धरली.

"तू लिवलंस तवा असंच लिवलं व्हतं?"

"असंच."

बारकीनं आपल्या हातच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिनं पाटी खाली ठेवली आणि सुनेचा हात धरला.

"एवढ्यानं मानूस मरत नाय गो," ती म्हणाली.