टिंब, चांदणी आणि दोन पिंपळगावं

'एका ओळीचं तर काम आहे' असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. समोरचा कोण, वयानं केवढा, काही बघत नाही मी. तोंडावर बोलते. घरचे म्हणतात, हिच्या नाकावर राग. असू दे. तो राग तिथं कुणी आणून बसवला, ते एकदा सांगून टाकते.

तेव्हा मी जालन्यात एका छोट्या ऑफिसात वेबसाइटी बनवायचे. अंबडहून रोज एसटीनं ये-जा. ऑफिस म्हणजे बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर पोती आपटायची, वर आम्ही. मालकाला सगळे सर म्हणायचे, म्हणून मीपण म्हणायचे. माणूस गोड बोलणारा. कुणालाच न्हाई म्हणायचा न्हाई, आणि त्याच्या हो-हो म्हणण्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर. त्यानं कधीकाळी पीएचपी, म्हणजे साइट बनवायची भाषा, शिकलेली होती, तेवढ्यावर तो मला शिकवायचा.

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची साइट आमच्याकडं होती. लोक बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, मी तो तसाच्या तसा साइटवर चढवायचे. माझ्या धाकट्या बहिणीचा बायोडाटाही त्यातच होता. शिक्षण डी. फार्म., अंबडमधल्या एका मेडिकलात कामाला, उंची, रंग, आणि खाली मामेकुळ. म्हणजे आईचं माहेर. आमच्या मायचं माहेर कुंभार पिंपळगाव.

याच साइटवरून तिला स्थळ आलं. पोरगा भोकरदनकडचा, शेती बराबर, शिवाय पंचायत समितीत नोकरी. पाहुणे येऊन गेले. आमची बहीण कुणासमोर मान खाली घालून बसणारी न्हाई, तिनं सरळ विचारलं, "लग्नानंतर मला स्वतःचं मेडिकल टाकायचंय, चालंल का?" पोरगा म्हणाला, "चालंल. भोकरदनला जागा बघू." त्या दिवसापासून ही पोरगी हवेत. दुकानाला रंग कोणता, काउंटर कुठल्या बाजूला, फ्रिज मोठा पाहिजे कारण इन्सुलिन ठेवायचं असतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता मला सांगायची. मी म्हणायचे, अगं नवऱ्याबद्दल काहीतरी बोल, फ्रिजबद्दल काय बोलून राह्यली! ती हसायची. पण त्याच्याशी फोनवर बोलताना ती गच्चीवर जायची, हेही मला दिसत होतं.

बैठकीत एक गोष्ट निघाली होती. पोराच्या आईचं माहेर पिंपळगाव रेणुकाई, आणि तिचं माहेरचं आडनाव नेमकं आमच्या मायचंच. आमच्याकडं मामेकुळ एक आलं आणि गावही एक आलं, की पोरगा-पोरगी मावसभाऊ-मावसबहीण ठरतात. मग विषय बंद. पण त्यांचं पिंपळगाव भोकरदन तालुक्यातलं, आमचं घनसावंगी तालुक्यातलं. देवक वेगळं, भावकी वेगळी, नात्याचा कुठं धागा न्हाई. माझ्या मामानं सगळं उलगडून सांगितलं. पोराच्या वडिलांनी चहा पीत पीत ऐकलं, मान हलवली. सुपारी फोडायचा दिवस ठरला.

मध्येच मंडळाचे अध्यक्ष तावातावानं ऑफिसात आले. गाव त्यांचं पिंपळगाव रेणुकाई. त्यांचं म्हणणं, "साइटवर अर्ध्या लोकांनी आमच्या गावाला नुसतं पिंपळगाव लिहिलंय. देवीचं नाव गाळता? पुरं नाव पाहिजे, सगळीकडं."

सर म्हणाले, "उद्या होऊन जाईल साहेब. एका ओळीचं तर काम आहे."

काम माझ्याकडं आलं. आता जालना जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, पिंपळगावं किती आहेत म्हणून. माणूस हसंल आणि म्हणंल, कोणतं पाहिजे? हाच प्रश्न कॉम्प्युटरला पडत न्हाई, तो आपल्याला पाडावा लागतो. त्यासाठीच रेग्युलर एक्स्प्रेशन असतं. नुसता शब्द सांगायचा न्हाई. त्याच्या मागं काय असलं तर हात लावायचा न्हाई, पुढं काय असलं तरच लावायचा, हे सगळं एका ओळीत बांधायचं. बाजारात चिंच घ्यायला पाठवताना आपण सांगतो ना, काळी न्हाई, नवी, आणि चिंचोके काढलेली असली तरच घे. तसंच. मी ओळ बांधली. पिंपळगावच्या आधी 'कुंभार' असलं तर सोड. नंतर 'रेणुकाई' आधीच असलं तर सोड. आणि पुढं तालुका भोकरदन असला तरच बदल. ज्यांनी तालुकाच लिहिला न्हाई त्यांना फोन करून विचारायचं. बदल करण्याआधी सगळ्या माहितीची एक प्रत काढून ठेवली, आणि बदलण्याच्या आधी नुसतं शोधून काय काय सापडतं ते बघत बसले. ही माझी रीत आहे. आधी शोधायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच बदलायचं.

सर मागं येऊन उभे राहिले. "अगं, दोन दिवस झाले, अध्यक्षांचा फोन येऊन राह्यला. इतकं काय शोधून राह्यली?"

मी म्हटलं, "सर, दुसरं पिंपळगाव पण आहे. माझं स्वतःचं आजोळ आहे. ज्यांचा तालुका न्हाई त्यांना फोन लावायचे राह्यलेत."

"फोन-बिन काय करायचा? जा घरी, मी बघतो."

मी घरी गेले. सरांनी बघितलं. आणि जे बघितलं ते असं:

/रा\..*पिंपळगाव.*/u

म्हणजे 'रा.' पासून सुरू हो, मधे टिंब आणि चांदणी, पिंपळगाव, पुन्हा टिंब आणि चांदणी. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, चांदणी म्हणजे कितीही. या जोडीला पोट असतं, तळ नसतो. ओळ संपेपर्यंत जे दिसंल ते गिळायचं. 'कुंभार' गिळलं, 'ता. घनसावंगी' गिळलं, आणि त्या जागी सगळीकडं एकच: रा. पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन. न शोधता, न बघता. बटण दाबलं आणि अध्यक्षांना मेसेज केला, काम झालं साहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीत असतानाच बहिणीचा फोन. आवाज असा की मला आधी वाटलं माय आजारी पडली. पोराच्या चुलत्यानं, जो बैठकीला आलाच नव्हता पण त्या घरात ज्याच्याशिवाय पान हलत न्हाई, त्यानं सोयऱ्यांना फोटो दाखवायला साइट उघडली होती. बायोडाटा वाचला. मामेकुळ, आडनाव तेच. राहणार, पिंपळगाव रेणुकाई. चुलत्यानं स्क्रीनशॉट काढला आणि आमच्या घरी फोन लावला: "आमच्या वहिनीच्या माहेरची पोरगी आमच्याच घरात देता व्हय? बहीण-भावाचं लग्न लावता? आम्हाला काय येडं समजता?"

ऑफिसात पोचले. पर्स टाकली, माझी प्रत घेतली आणि जसं होतं तसं परत चढवलं. तेवढ्यात झालं. साइट पहिल्यासारखी. मी पोराच्या घरी फोन केला, सगळं समजावलं, म्हटलं आता उघडून बघा, बरोबर दिसतंय.

त्यांनी उघडून बघितलं. चुलता फोनवर आला. अगदी शांत आवाजात म्हणाला, "सकाळी एक होतं, आता दुसरं आहे. तुम्ही तिथंच कामाला ना, ताई? मंग बराबर आहे."

बस. मी दुरुस्त केलं, हाच त्याच्या लेखी माझा खोटेपणा ठरला. न दुरुस्त करते तर पोरगी मावसबहीण, दुरुस्त केलं तर तिची बहीण लबाड. खाली पोती आपटत होती आणि मला वाटलं आपणही काहीतरी उचलून आपटावं.

अरे, पण तुमचा सख्खा भाऊ आमच्या घरात बसून गेल्ता ना! माझ्या मामाच्या तोंडून सगळं ऐकून गेल्ता! जित्त्या माणसानं समोर बसून सांगितलेलं खोटं, आणि मोबाइलवर उमटलेलं खरं? मामा दुसऱ्याच दिवशी कुंभार पिंपळगावाहून निघाला, सोबत गावातले दोन म्हातारे घेतले, आणि भोकरदन गाठलं. तिथं बसून आमच्या पणज्यापासून घराणं सांगितलं. पोराच्या बापाला पटलं. तो म्हणाला, "आमचं समाधान झालं. पण सगळ्या पाहुण्यारावळ्यांत तो स्क्रीनशॉट फिरलाय. मंडळाकडून दोन ओळी लिहून आणा, की चूक साइटची झाल्ती. मंग भावाचंही तोंड बंद होईल."

दोन ओळी. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले.

सर म्हणाले, "झालं ना आता दुरुस्त?"

"दोन ओळी लिहून द्या सर. बदल करताना चूक झाली, एवढंच."

"असं कसं लिहून देता येईल? अध्यक्षांना काय वाटंल? उद्या मंडळाचं काम हातचं जाईल." मग आवाज खाली आणून, मायेनं, "तू कशाला जिवाला लावून घेती? आपल्याकडं स्थळांना काय तोटा आहे? तुझ्या बहिणीला याच्यापेक्षा चांगलं शोधू की."

मी काय बोलले ते इथं लिहिता येण्यासारखं न्हाई. मोठ्यानं बोलले. खालच्या दुकानातले हमाल जिन्यापर्यंत आल्ते, इतकं मोठ्यानं. शोधू म्हणे! माणूस काय ओळीतला शब्द आहे, एक काढला अन् त्या जागी दुसरा बसवला? सर खुर्चीत मागं सरकत सरकत भिंतीला टेकले आणि तरी म्हणाले, "तू भावनेच्या भरात बोलून राह्यली." मी अध्यक्षांना फोन लावला, म्हटलं मंडळाकडून तुम्हीच लिहून द्या. तर त्यांचं वेगळंच! गावाचं नाव आलं म्हणून खूश होते, आणि आता परत गेलं म्हणून नाराज. त्यांनी मलाच विचारलं, "रेणुकाई पुन्हा कुणी काढलं?"

आजही हे लिहिताना माझी कानशिलं गरम होतात. चूक होते, कुणाकडूनही होते. टिंब-चांदणीनं माझीही कितीदा फजिती केलीय. पण 'माझ्याकडून झालं' हे म्हणायला या माणसांच्या जिभेला काय काटा रुतत होता? एका पोरीचं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन ओळींवर अडलेलं, आणि यांना साहेबांना काय वाटंल याची काळजी.

त्या संध्याकाळी घरी आले तर बहीण ओट्याला टेकून उभी. मी सांगितलं, सर लिहून देत न्हाईत, अध्यक्षबी न्हाई. तिनं फोन उचलला. या वेळी गच्चीवर गेली न्हाई. माझ्यासमोर, मायसमोर, स्पीकर चालू करून त्याला लावला.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, माझ्या मामाचं गाव कोणतं ते?"

"ठाऊक आहे गं. मी कुठं न्हाई म्हणतो?"

"मंग काकाला सांगा ना."

त्याच्या मागं कुणीतरी टीव्ही लावलेला ऐकू येत होता.

"तू ते मंडळाचं लिहून आण ना," तो म्हणाला. "माझ्या सांगण्यानं काय होतंय?"

"तुमच्या सांगण्यानं काहीच होत नसलं," ती म्हणाली, "तर भोकरदनला दुकान कुणाच्या सांगण्यानं होणार होतं?"

तो म्हणाला, बघतो. तिनं फोन ठेवला. माय पदर तोंडाला लावून बसली. मला तर त्या पोराच्या, त्या चुलत्याच्या, सरांच्या, सगळ्यांच्या घरी जाऊन दारात उभं राहून ओरडायचं होतं. बहीण मात्र नेहमीसारखी जेवायला बसली. अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं.

नोकरी मी सोडणारच होते, पण सकाळी निघायच्या आधी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, नोकरी सोडायच्या आधी एक कर. माझं काढ तिथून."

मी लॅपटॉप उघडला. तिचा बायोडाटा साइटवर तीन ठिकाणी दिसायचा, मुख्य पानावर, तालुक्याच्या पानावर, शिक्षणाच्या पानावर. मी ओळ बांधली. टिंब न्हाई, चांदणी न्हाई. तिचं नाव, तिची जन्मतारीख, तिची उंची, अक्षरन् अक्षर. आधी नुसतं शोधलं. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तीच सापडली, दुसरं कुणी न्हाई. बदलायच्या जागी मी काहीच लिहिलं न्हाई, रिकामं ठेवलं. मग बटण दाबलं.

"आता कुणालाच दिसणार न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

तिनं त्या रिकाम्या झालेल्या जागेवर बोट ठेवलं.

"त्यालाबी?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला राग आला न्हाई. रागाच्या जागी जे आलं, ते गिळून मी म्हटलं, "त्यालाबी न्हाई."

तिनं मान हलवली, मेडिकलाची किल्ली घेतली आणि दुकान उघडायला गेली.