न मिटणारा डोळा

करोना बरा झाला, पण जाताना चेहऱ्याची एक नस दुखावून गेला. तेव्हापासून माझा उजवा डोळा मिटत नाही. दिसतं म्हणून आपण देवाचे आभार मानतो. डोळा मिटतो म्हणून कुणी कधी मानलेत?

काल देवघरासमोर मी एका हाताने पापणी खाली ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने नमस्कार केला.

"एका हाताने कुणी नमस्कार करतं का?" बायको करवादली. मुलांना, नातवंडांना तिने हेच शिकवलंय.

मग तीच शेजारी आली आणि तिने माझ्या पापणीवर बोट ठेवलं. मी दोन्ही हात जोडले. डावा डोळाही मिटून घेतला. डावा डोळा किलकिला करून हळूच पाहिलं, तर तिचा नमस्कार एकाच हाताने चालला होता.