ऑल्डरविकांचा बगळा

तर काल ओबाडाया थर्कटलला शिडीवर ठेवून आपण जेवायला उठलो. तो अजून तिथेच आहे, हातात ब्रश घेऊन.

ओबाडाया म्हणजे आमच्या नॉर्फकच्या गावातला पाट्या रंगवणारा. पेढीवाल्या ऑल्डरविकांचं कामही त्याच्याकडेच. त्यांच्या आजोबांनी राजाला लढाईसाठी पैसा पुरवला, राजाने 'सर' हा किताब दिला. बापाकडून मुलाकडे जायचा. मुलगी चालत नाही. नातू सर जोसलिन घोड्यावरून पडून गेला. मागे ना भाऊ, ना चुलता; बायको तेवढी पोटुशी.

अशा घरात यजमान गेला की दारावर वर्षभर काळा फलक लागतो. त्यावर कुळाची ढाल आणि ढालीवर त्यांचा बगळा. वंश बुडाला असेल, तर बगळ्याच्या जागी कवटी.

"कवटीच काढ," कारभारी हॅबर्शन म्हणाला होता. "डॉक्टरांना काही पोर जगेलसं वाटत नाही."

"आणि भरल्या पोटाच्या बाईनं जाता-येता कवटी बघायची होय?" म्हणत ओबाडायाने बगळा रंगवला.

"मुलगा नाही झाला तर?"

"तर येतो की शिडी घेऊन, बगळा पुसायला!"

बोलून बसला आणि झोप उडाली. वाड्यावरून जाताना मान खाली, कान वर. बायको केझाया म्हणायची, "पोट तिचं, कळा तुला! उद्या बाळंतविडाही तूच घे."

झाली मुलगी. किताब संपला. पोरगी इतकी अशक्त, की जन्मल्यापासून धड रडलीही नव्हती. पाद्रीबाबा घाईघाईने बाप्तिस्मा देऊन गेले, आणि हॅबर्शनचा निरोप आला: शिडी आण.

"आटप रे," तो खालून ओरडत होता. "शब्द दिलायस."

ओबाडायाने ब्रश काळ्या रंगात बुडवला. एक थेंब खाली हॅबर्शनच्या टोपीवर पडला. तेवढ्यात शेजारची खिडकी उघडली. बाईसाहेब, पांढऱ्याफटक, कुशीत गाठोडं.

"थर्कटल, पुसताय बगळा?"

गाठोडं हललं, आणि त्यातून असा टाहो फुटला की ओबाडायाने शिडी घट्ट धरली.

"थर्कटल! शब्दाचं काय?" खालून हॅबर्शन.

ओबाडायाने ब्रश डब्यात टाकला.

"साहेब, किताब गेला तो गेला, पण कवटी वंश बुडाल्यावर काढतात. आणि इथं तर वंश माझ्या कानाशी बोंबलतोय!"