मानाचा फेटा आणि पाण्याची गोळी

आमच्या आबांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पुढे जायचं रक्त थोडं मागे येतं, मग छातीत आणि पायांत पाणी साठतं, आणि अंगणातून पडवीत आलं तरी माणूस धापा टाकतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, झडपेचं ऑपरेशन करायचं. तोवर अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी गोळी रोज सकाळी घ्यायची, पाणी मोजून प्यायचं आणि रोज वजन बघायचं. "गोळीनं झडप दुरुस्त होत नाही," ते म्हणाले, "पण पाणी साठलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल, आणि ते परवडणारं नाही."

सांगितलं सोपं, पण सांगितलं ऐन लग्नसराईच्या तोंडावर.

आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पलूसजवळच्या आमच्या गावात त्यांना सुभेदार म्हणूनच हाक मारतात. आमच्याकडच्या लग्नात अशा माणसाला एकच काम असतं, पहिल्या रांगेत बसून राहायचं. माइकवाला नावं पुकारत जातो. आधी आमदार, मग कारखान्याचे चेअरमन, मग माजी चेअरमन, मग ज्यांना चेअरमन व्हायचंय ते. प्रत्येकाला मानाचा फेटा. मुहूर्त टळून जातो, नवरानवरी घामानं निथळत उभी असतात, त्यांना कोण विचारतो! या पुढाऱ्यांचं झालं की सुभेदारांचा नंबर. त्या वेळी खुर्ची रिकामी दिसली, की सुभेदार रुसून उठून गेले, असं गाव जन्मभर म्हणत राहतं.

आणि गोळी घेतली की तासाभरात उठावंच लागतं. पुन्हा बसलं की पुन्हा उठावं लागतं. मंगल कार्यालयाची मुतारी आचाऱ्यांच्या चुलाणामागे, आणि जायची वाट भर मांडवातून.

मी साताऱ्याला शाळेत शिकवते. तिथून आबांसाठी वजनकाटा घेऊन गेले होते. महिन्याभरात काटा वर वर सरकू लागला. निवृत्तीनंतर उसाच्या शेतीत मुरलेला, कारखान्याच्या काट्यावर दरसाल नाडला गेलेला माणूस. वजनकाट्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नाही.

"ह्यो काटा मारतोय," आबा म्हणाले.

"आबा, काटा मारणारे वजन कमी दाखवतात. हा जास्त दाखवतोय."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग बिघडलाय."

आईला उभं केलं. तिचं वजन होतं तेवढंच भरलं. तरी आबांचं मत बदललं नाही. गावाचा कौलही त्यांच्याच बाजूनं होता. जो तो म्हणे, "सुभेदार, तब्येत लय सुदारली की! गाल भरल्यात." बायको-मुलीनं उपाशी मारलेला माणूस लग्नाच्या जेवणावळींनी सावरला, असंच सगळ्यांना वाटत होतं. ती सूज होती. मला ते दिसत होतं, पण गावापुढे मास्तरणीचं काय चालतंय?

एका लग्नाला निघताना आबांचा पाय बुटात जाईना. ते वाकले आणि तसेच अडकले. श्वास वर येईना, ओठ निळसर पडले. मिरजेला नेईपर्यंत आई गाडीत त्यांची छाती चोळत होती आणि मी डोळ्यांतलं पाणी पुसत ड्रायव्हरवर ओरडत होते.

डॉक्टरांनी घोट्याजवळ अंगठा दाबला. काढला तरी खड्डा तसाच राहिला, पाणी साठल्याची खूण. सलाईनच्या नळीतून औषध सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"घेतो की," आबा धापा टाकत म्हणाले. "लग्न नसलं की."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघितलं.

पुढे भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. इथे पाणी मोजून चाललेलं, आणि येणारा प्रत्येक जण हातात शहाळी घेऊन. "आवं, नुसतं नारळाचं पानी हाय, त्यानं काय हुतंय?" आईनं सगळी शहाळी बाहेर नेऊन दुसऱ्यांच्या नातेवाइकांना वाटली. वॉर्डात तिच्याइतकं पुण्य कुणीच मिळवलं नसेल.

सूज उतरली. ऑपरेशनचा दिवस ठरला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पाणी साठलं तर निभावणं कठीण आहे. आणि मधेच फलटणला आबांच्या पुतणीचं लग्न आलं. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली. गोळीला सुट्टी दिली नाही. त्या सकाळी आबांनी गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत आई त्यांच्यासमोरून हलली नाही.

व्हायचं तेच झालं. चेअरमन व्हायचं असलेल्यांचेही फेटे बांधून झाले आणि माइक गरजला, "सुभेदार साहेब!" खुर्ची रिकामी. अख्खा मांडव माना वळवून बघू लागला. माइकवाल्यानं पुढच्या नावासाठी तोंड उघडलं, एवढ्यात बायकांच्या बाजूनं आई उठली, तरातरा गेली आणि आबांच्या खुर्चीत बसली.

"बांदा," ती म्हणाली.

"आवं काकू, सुभेदारांचा फेटा हाय त्यो."

"सुभेदार लगवीला गेल्यात. हृदयाची गोळी घेत्यात ते. तवर माज्या डोक्याला बांदा."

माइक चालूच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि त्याच वेळी उठून तिला मिठी मारावीशी वाटली. माइकवाल्याचा नाइलाज झाला. त्यानं फेटा बांधला, वर तुरासुद्धा काढला.

आबा परत आले, तर त्यांच्या खुर्चीवर केशरी फेटा बांधून त्यांची बायको. ते जागच्या जागी थांबले. आई उठली, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि फेट्यासकट खाली वाकून त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. लोकांना वाटलं, सुभेदारीणबाई भर मांडवात नवऱ्याच्या पाया पडल्या. कडकडून टाळ्या वाजल्या.

आईनं अंगठा उचलला. खड्डा पडला नव्हता.