तिसऱ्या कुंडीचं पाणी

बायको गेल्यानंतर सत्ताविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता लिफ्टवाले काका फिरून आले, नेहमीप्रमाणे गच्चीवर गेले, आणि तिसऱ्या कुंडीची माती ओली पाहून तिथेच थबकले.

पाणी त्यांनी घातलं नव्हतं. ते रोज संध्याकाळी घालत, आणि आदल्या संध्याकाळी राहून गेलं होतं. पत्र्याचा मग नळाखाली उपडा ठेवलेला. नळापासून कुंडीपर्यंत फरशीवर चपलांचे ओले ठसे, आणि उजव्या ठशाच्या टाचेचा कोपरा गायब. तशी एकच चप्पल त्या घरात होती. निळी, रबरी, टाचेला तुटलेली. "नवीन घे ना," असं काकांनी सतरा वेळा सांगूनही बायकोने न बदललेली. ती जोडी गच्चीच्या दाराआड जिथल्या तिथे होती. काकांनी हात लावून पाहिलं. तळ ओला होता.

काका भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. छत्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये पिंजऱ्याच्या टपावर बसून त्यांनी शेकडो बिघाड शोधले, आणि प्रत्येक बिघाडाला कारण असतं हे त्यांना पाठ होतं. पण त्या सकाळी त्यांनी कारण शोधलं नाही. खाली येऊन चहा टाकला, आणि उकळी येईपर्यंत आपण हसतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

ते टोमॅटो बायकोचे होते. एकोणीस वर्षांपूर्वी कुठूनतरी आणलेला एक टोमॅटो तिला इतका आवडला की तिने त्याचं बी धुऊन रद्दीच्या कागदावर वाळवलं. तेव्हापासून दर वर्षी सगळ्यांत चांगलं फळ बियांसाठी ठेवायचं, पुडी बांधायची, वर पेन्सिलीने साल लिहायचं, हा तिचा नेम. यंदा आजारपणातच तिने शेवटची पुडी रिकामी केली. पाच कुंड्यांत पाच रोपं आली. पहिल्याची पानं आकसून मुठीसारखी झाली. दुसरं आणि चौथं एकाच आठवड्यात बुंध्याशी काळं पडून आडवं झालं. पाचव्याला पांढऱ्या माशीने खाल्लं. उरली तिसरी कुंडी. तिने एक तरी पिकलं फळ दिलं नाही, तर एकोणीस वर्षांची ओळ तिथेच संपणार होती. हे काकांना माहीत होतं, म्हणून ते त्या झाडाला डोळ्यांत तेल घालून जपत होते.

आणि आता पाणी घालायला ती स्वतःच येऊ लागली होती.

काकांनी पाणी घालणं सोडून दिलं. तिचं झाड, तिचा हात. मध्ये आपण कशाला? रोज सातला ते गच्चीवर जात, ओली माती पाहत, बोट खुपसून गारवा घेत आणि हळूच म्हणत, "आलीस होय." सहा दिवस ती आली. मग एके दिवशी माती कोरडी दिसली. "गुडघा दुखत असेल," काका स्वतःशी म्हणाले, "उद्या येईल." दुसऱ्या दिवशीही कोरडी. तिसऱ्या दिवशी पानं माना टाकू लागली, तेव्हा जीव राहवेना म्हणून त्यांनी अर्धा मग घातला; चोरी केल्यासारखा, इकडेतिकडे बघत. पुढच्या आठवड्यात ठसे परत उमटले.

झाडाला फळं धरली. लिंबाएवढी झाली, आणि एकेकाचं बूड काळं पडू लागलं. वरून हिरवंगार फळ, खालून जळलेल्या कातड्यासारखं. दोन आपोआप गळली. काकांनी एक कापून पाहिलं तर आत कच्चं, पांढुरकं बी. कपाळाला हात लावून ते कट्ट्यावर बसले. तिला काही सांगायचंय का? आपलं काही चुकलं का?

शेवटी हाडातला मेकॅनिक जागा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट पाहायची, ही त्यांची पद्धत. खिशातल्या डायरीत नोंद करून त्यांनी आधी कुंडीची जागा बदलली. आठ दिवस वाट पाहिली. फरक नाही. मग चिमूटभर चुना मातीत मिसळला. फरक नाही. तेव्हा काळं पडलेलं फळ रुमालात बांधून ते रोपवाटिकेतल्या माळ्याकडे गेले.

माळ्याने फळ उलटंपालटं केलं. "कीड नाही, रोग नाही. पाण्याचा घोळ आहे. एक दिवस पोटभर आणि चार दिवस उपाशी ठेवलं, तर तुम्हाला तरी पचेल का, काका? पाणी नेमाने मिळालं नाही की चुना मातीत असूनही फळापर्यंत पोचत नाही. पाणी कोण घालतं?"

काका रुमालाची घडी घालू लागले.

"अहो, साधं विचारतोय. कोण घालतं?"

"घरातलंच माणूस," काका म्हणाले.

"मग त्या माणसाला सांगा, रोज घाल, थोडं घाल. लाजता कसले?"

घरी येऊन त्यांनी डायरी उघडली. रोजच्या रोज त्यांनी 'ओली' किंवा 'कोरडी' लिहून ठेवलं होतं. मनाला नको होतं तरी सवयीने लिहिलं होतं. सहा दिवस ओली, मग आठवडाभर कोरडी, परत सहा दिवस ओली. इतका नियमित बिघाड आपोआप होत नसतो. पाण्याची बाटली घ्यायला ते फ्रिजपाशी गेले, आणि दारावर चिकटवलेल्या कागदाकडे पाहत उभे राहिले. मुलीच्या ड्यूटीचा तक्ता होता तो.

मुलगी रुग्णालयात नर्स. एक आठवडा रात्रपाळी, एक आठवडा दिवसपाळी. गच्चीला लागून असलेल्या खोलीत ती राहायची. रात्रपाळी संपवून साडेसहाला घरी यायची, तेव्हा काका फिरायला गेलेले असत. दिवसपाळीला ती पहाटेच निघायची. काकांनी डायरी तक्त्याशेजारी धरली. तारखेला तारीख जुळली.

ते तिथेच खुर्चीवर बसले. सगळं कळलं होतं, पण काळजात मात्र माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. ठरवलं असतं, तर डायरी मिटून टाकता आली असती. उद्या सकाळी परत "आलीस होय" म्हणता आलं असतं. झाडावर दोनच फळं उरली होती.

दुपारी मुलगी झोपून उठली. काकांनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला.

"पाणी तू घालतेस?"

ती कपाकडे पाहत राहिली. "आईने सांगितलं होतं. म्हणाली, बाबांना जमायचं नाही, ते एक तर बुडवतील नाहीतर वाळवतील."

"अगदी तसंच म्हणाली?"

"शब्दाला शब्द."

काकांना हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्या दिवशी माती कोरडी दिसली म्हणून आईच्या चपला पायात सरकवून पाणी घातलं, सांगणारच होते, बाबा. तेवढ्यात तुम्ही वर आलात. मी खिडकीतून बघत होते. माती ओली बघून तुम्ही... आई गेल्यापासून मी तुम्हाला तसं बघितलं नव्हतं. मग नाही सांगवलं."

"आणि तुझ्या दिवसपाळीत?"

"तेव्हा तुम्ही घालत असाल असं वाटलं."

"मी तुझ्या आईची वाट बघत होतो," काका म्हणाले.

मुलीने कप खाली ठेवला. मग काका म्हणाले, "छत्तीस वर्षं हाताखालच्या पोरांवर ओरडत आलो. एका लिफ्टवर दोघं असाल, तर एकमेकांना सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यात माणसं मरतात, म्हणून. आणि घरात बघ."

"मग आता?"

"आता रोज संध्याकाळी सहाला, एक मग. मी घालीन. तुझी पाळी कोणतीही असो."

त्यांनी तसंच केलं. उरलेल्या दोन फळांपैकी एक आधीच बिघडलेलं होतं, ते गळलं. दुसरं टिकलं. वाढलं, पिवळसर झालं, मग लालबुंद झालं. काका रोज वाकून त्याचं बूड तपासत. शेवटपर्यंत ते स्वच्छ राहिलं. त्या फळाचं बी मुलीने धुतलं, कागदावर वाळवलं, आणि पुडीवर साल लिहायला काकांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांचं अक्षर तिच्या आईसारखं वळणदार नव्हतं. तरी वाचता येत होतं.

पण हे झालं पुढचं. त्या दुपारी चहा संपवून मुलगी उठली, तेव्हा काकांनी तिला दारात थांबवलं.

"एक ऐक. कुंडीला हात लावू नकोस. पण रात्रपाळीहून आलीस की त्या चपला पायात घालत जा. नळाखाली ओल्या कर, आणि कुंडीपर्यंत एक फेरी मार."

"कशाला, बाबा?"

"मी सातला वर जातो ना," काका म्हणाले.