हाताने चालवलेली चाचणी

आमच्या कामात सॉफ्टवेअरची चाचणी आपोआप चालते. एका संगणकाच्या आत दोन आभासी संगणक उभे राहतात. एक मागणी करतो, दुसरा, म्हणजे सर्व्हर, उत्तर देतो. उत्तर आलं की चाचणी पास. नाही आलं तर चाचणी मध्येच थांबवून आत शिरता येतं आणि एकेक कमांड स्वतः टाइप करून बघता येते. वीस वर्षं मी हेच करतोय, त्यामुळे ऑफिसात माझा शब्द चालतो. त्याच शब्दाने मी एका बाईचं नुकसान केलं.

ती घणसोली गावातली. मुलं मोठी झाल्यावर, बारा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागलेली. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि तिला कायम करायचं की नाही, हे शुक्रवारी ठरणार होतं. नेमकं तेव्हाच, तिने केलेल्या एका बदलानंतर, मी लिहिलेली चाचणी अधूनमधून फेल व्हायला लागली.

मी आत शिरलो. सर्व्हर सुरू केला, चहाचा घोट घेतला, मागणी टाइप केली. उत्तर आलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा आलं.

"चाचणी ठीक आहे. तुमच्या कोडमध्ये बघा," मी म्हटलं.

"सर, तुमी टाइप करेपर्यंत सर्व्हर आंघोळ करून, भांग पाडून बसतो. मशीन थांबतं का तेवढं?"

आजूबाजूचे हसले. मला ते लागलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी मेलवर लिहून दिलं, की मी स्वतः तपासलंय, चूक तिची आहे.

बुधवारी मनगट दुखत होतं, म्हणून टाइप न करता सगळ्या कमांड एकदम पेस्ट केल्या. चाचणी फेल झाली. तिच्या बदलामुळे सर्व्हरला सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागत होता, आणि तसा लागणं बरोबरच होतं. माझी चाचणी त्याच्यासाठी थांबतच नव्हती. मी थांबण्याची एक ओळ घातली. बदलाच्या नोंदीत शेरा लिहिला, 'किरकोळ दुरुस्ती'. कोणाला काही सांगितलं नाही. मेल माझ्या नावाने गेलेला होता.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तिला नाही म्हणून सांगितलं. मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो होतो.

सोमवारी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला?" मग खारघरच्या घरी येऊन, गाडी पार्क करून, गाडीतच बसून तिला फोन लावला.

"मला माहीत हाय, सर," ती म्हणाली. "गुरुवारीच वाचला तुमचा बदल."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर म्हणाले असते, बाई भांडते. म्हटलं, तुमी बोलाल. मीटिंगच्या दारापर्यंत वाट बघितली."

मी माफी मागितली.

"माफीचं काय करू? लिहून द्या. सहीनिशी. पुढच्या मुलाखतीत कोणी विचारलं तर दाखवेन."

दुसऱ्या दिवशी लिहून दिलं, साहेबांना आणि टीममधल्या सगळ्यांना प्रत पाठवली. संध्याकाळी तिचं उत्तर आलं. 'मिळालं.'